मोठ्या आईची टोळी

जगात मला सगळ्यात जास्त वेळा मरताना कोणी पाहिलं असेल तर ते आमच्या मोठ्या आईनं, आणि दर वेळी तितक्याच मनापासून हळहळणारं माणूसही तिच्याशिवाय दुसरं नाही. मी साकोलीला कॉलेजात इतिहास शिकवतो. दुपारी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो की तुमसरहून तिचा फोन येतो. "बाबू, जेवला का?" "जेवतोय." "जेव, जेव. काल तू दलदलीत मेला. मगरीनं ओढलं. पन चिंता नोको करू, मी आधीच जपून ठेवलं होतं. चहा झाल्यावर पुन्हा उठवला तुले." मी बरं झालं म्हणतो आणि पुढचा घास घेतो. माझे सहकारी सुरुवातीला हे ऐकून घास हातात धरून बसत. आता सवय झाली आहे. भूगोलाचे सर तर चष्मा पुसत शांतपणे विचारतात, "आज कशानं?"

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबांचा तुमसरला धानाचा व्यापार होता. त्या दुकानासाठी कोणे एके काळी एक संगणक आला. दुकानातल्या कोणाचीही त्याला हात लावायची छाती झाली नाही. दिवाणजींनी त्याच्यावर धुतलेलं धोतर पांघरलं, दसऱ्याला झेंडूचा हार घातला, आणि वर्षभरानं तो जसाच्या तसा घरी पाठवून दिला. घरी माझा चुलतभाऊ होता. त्याला मी दादा म्हणतो. संगणकाच्या एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीत त्याला एक खेळ सापडला. दादानं उन्हाळ्याच्या एका सुट्टीत तो मारामाऱ्या आणि लुटालूट करत संपवला, मग शिकायला नागपूरला गेला, नोकरीला पुण्याला गेला, आणि घरात तो संगणक, तो खेळ आणि मोठी आई एवढे उरले. खेळाचं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. ते तिनं कधी घेतलं नाही. ती त्याला 'राज्य' म्हणते. "राज्यात जाऊन येते घडीभर," असं म्हणून ती दुपारची भांडी झाली की पदर खोचून खुर्चीवर बसते, तशी बसायला लागली त्याला आता किती वर्षं झाली कोण जाणे.

मोठी आई मॅट्रिक झालेली. खेळातलं इंग्रजी ती मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचे, आणि जसं लिहिलं असेल तसंच वाचे. चिलखत घातलेल्या घोडेस्वाराला ती आजही 'क्नाइट' म्हणते. दादानं एकदा फोनवर सुधारलं, तेव्हा म्हणाली, "लिवलं आहे तं वाचाचं नाही का? 'क' काय फुकटचा बसवला त्यानं?" लांब कानांच्या वनवासी लोकांना ती 'कानवाले' म्हणते, डोंगरात राहणाऱ्या बुटक्या लोकांना 'आपले ठेंगू', आणि या ठेंगूंबद्दल तिला विशेष माया आहे, कारण ते कष्टाळू आहेत आणि भाव करून सामान विकतात.

या जुन्या धाटणीच्या खेळाची रीत अशी, की त्यात तुम्ही एकटे नसता. सहा जणांची टोळी करायची असते आणि प्रत्येकाला एकच विद्या येते. जो तलवार चालवतो त्याला मलमपट्टी जमत नाही, जो मंत्र म्हणतो त्याला एक काठी लागली तरी तो आडवा होतो. एकमेकांना सांभाळत, शिधा पुरवत, राज्यभर हिंडायचं. मोठ्या आईनं ही टोळी घरातूनच भरली. मी तलवारवाला. मला बूट घातल्यावर वाकून नाडी बांधताना धाप लागते; पण मी लहानपणी एका कुत्र्याच्या मागे दगड घेऊन धावलो होतो, ते तिच्या लक्षात होतं. दादा मंत्रवाला, कारण तो लांब बसून काहीतरी करतो, त्यातलं कोणाला काही कळत नाही आणि त्याला पगार मिळतो. सुनेला तिनं धनुष्य दिलं. "दूर राहते, पन नेम चुकत नाही तिचा," एवढंच म्हणाली, आणि हे कौतुक की तक्रार ते दादाला अजून ठरवता आलेलं नाही. मोठेबाबा ढाल घेऊन सगळ्यांत पुढे. ते गेले त्यानंतर तिनं त्यांना टोळीतून काढलं नाही, फक्त शेवटच्या रांगेत नेलं. "लय खाल्ला मार त्याइनं. आता मांगं राहून पाहो म्हना." आणि स्वतः मोठी आई कोण? तर चोर. म्हणजे कुलपं उघडणारी. घरातल्या सगळ्या किल्ल्या जन्मभर तिच्याच कमरेला होत्या, तेव्हा ते काम दुसऱ्या कोणाला देणं तिला पटेना.

पण अशी चोर राज्यात दुसरी झाली नसेल. ती कोणाच्याही घरातली पेटी सफाईनं उघडते, आत काय आहे ते पाहते, आणि पुन्हा लावून ठेवते. "आपलं आहे का ते?" मागे त्या राज्यातल्या एका शहराच्या वेशीवर चोरांच्या जमातीनं तिला अडवलं. अट अशी, की गावाबाहेर एक विधवा राहते, तिच्या बोटातली अंगठी चोरून आणा, मग दार उघडू. मोठी आई नाही म्हणाली. सगळा पावसाळा आमची टोळी त्या वेशीबाहेर बसून होती. दादा पुण्याहून कळवळून सांगे, "आई, अगं खेळ आहे तो, घे ना ती अंगठी!" ती म्हणे, "बाईमानूस आहे रे, एकटी राहते." ती रोज त्या विधवेच्या घरी जाई, विचारण्यासारखं जे जे असेल ते सगळं विचारी, आणि परत येई. असं करता करता एक दिवस त्या विधवेनंच सांगितलं, की माझ्या परसातल्या कोरड्या विहिरीतून शहरात जायला वाट आहे. दादाचा विश्वास बसेना. त्यानं सगळा खेळ संपवला होता, त्याला ही वाट ठाऊकच नव्हती. मोठ्या आईला मात्र त्यात नवल वाटलं नाही. "ज्यानं हा खेळ केला त्याच्या मनात आलं असन ना, का एखादी बाई नाही म्हनन. तिच्यासाठी बी त्यानं रस्ता करून ठेवला. चांगल्या घरचा असन."

त्या राज्यात कुठे जायचं हे कोणी दाखवून देत नाही, विचारत जावं लागतं. नदीवरचा दगडी पूल ओलांड, जळालेल्या वडापासून उगवतीला वळ, असं कोणीतरी सांगतं आणि ते लक्षात ठेवायचं असतं. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली, की बाहेरच्या जगातही ती मोबाइलमधल्या नकाशाला जुमानत नाही. आम्ही एकदा नागपूरला लग्नाला गाडीनं निघालो होतो. मोबाइल म्हणत होता डावीकडे, आणि मोठी आई म्हणत होती, "थांबव, त्या बाईले पुसू." एका चौकात पुसलं, दुसऱ्या चौकात पुसलं, तिसऱ्या ठिकाणी ज्यांना पुसलं ते गृहस्थ मूळचे आमच्याच बाजूच्या मोहाडीकडचे निघाले, त्यांनी घरात नेऊन चहा पाजला, त्यांच्या सुनेला डोहाळे लागले होते तिची चौकशी झाली. आम्ही लग्नाला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगतीतला वडाभात संपत आला होता. पण मोठी आई खुश. "रस्ता बी समजला अन् मानसं बी समजली. त्या मोबाइलनं फक्त रस्ता समजला असता."

दादाला वाटे, आईनं आता हे जुनाट थांबवावं. दिवाळीला आला की तो तिच्या मोबाइलमध्ये नवे खेळ भरून देई. त्यातही राज्यं होती, तलवारी होत्या, चित्रं तर अशी की डोळे दिपावेत. मोठी आई नाकावर चष्मा ठेवून ते इमानदारीनं खेळे आणि मग आपलं मत देई. पहिल्याच खेळात तिला जमिनीवर एक चमकता बाण दिसला. तो सांगेल तिकडे चालायचं. "मंग मी कायले पाह्यजे? बानच जाऊन येईल." ज्या माणसाकडे काही काम असेल त्याच्या डोक्यावर पिवळं चिन्ह लटकत होतं. "बाकीच्याइसंगं बोलाचंच नाही का? बिनकामाचा मानूस मानूस नाही?" एका खेळात नायकाच्या थैलीत कितीही सामान मावत होतं. धानाच्या व्यापाऱ्याच्या बायकोला हे सहन होणं शक्य नव्हतं. "चौदा तलवारी, दोन ढाली, अन् मानूस पळून राहिला! आमचा हमाल धानाच्या एका कट्ट्याखाली वाकते." राज्यात ती निघताना दोर, दिव्याचं तेल, सुकी भाकर असं एकेक तोलून घेते, प्रत्येकाच्या पाठीवर किती वजन झालं ते पाहते, आणि माझं ओझं जास्त झालं तर स्वतःकडे घेते. आणखी एका खेळात मेलं की लगेच 'पुन्हा प्रयत्न करा' अशी पाटी येई आणि नायक ताजातवाना उभा. ते पाहून तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याले काही होतच नाही रे. मंग मी कोनाले सांभाळू?" दादानं शेवटचा उपाय म्हणून एक फार गाजलेला खेळ आणला. त्यात एका म्हाताऱ्यानं नायकाला काम सांगितलं आणि खाली बटण आलं, 'स्वीकारा'. मोठी आई बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिली. "नाही म्हनाची बटन कुठं आहे?" "नाहीये, आई." "नाहीच?" एवढं विचारून तिनं मोबाइल दादाच्या हातात परत दिला.

हे सगळं मी माझ्या आईला घरी येऊन सांगत असे. आई ऐकायची, पण आपल्या बाजूनं काही विचारायची नाही. कारण त्या दोघी जावांमध्ये बोलणं बंद होतं. माझी आई नर्स होती, साकोलीतूनच निवृत्त झाली. मोठेबाबा गेले त्या दिवशी सकाळी ती तुमसरलाच होती. त्यांना जरा अस्वस्थ वाटत होतं. आईनं नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, म्हणाली ठीक आहे, उद्या भंडाऱ्याला दाखवून आणू. उद्या उजाडलाच नाही. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, मोठी आई तिला म्हणाली, "एवढी वर्सं नर्स होती, तुले एवढं समजलं नाही?" तेरवी होईपर्यंत आईनं तिथे राहून सगळं काम ओढलं आणि मग साकोलीला आली ती पुन्हा तुमसरला गेली नाही. मोठी आईही आमच्या उंबऱ्याशी आली नाही. दोघींच्या तोंडून एकमेकींबद्दल वाईट शब्द मी कधी ऐकला नाही, आणि चांगलाही. आईच्या मनात तेव्हापासून काय चालत होतं ते एवढ्यावरून कळावं, की शेजारपाजारच्यांना ती पूर्वी सहज औषधं सांगायची, ते तिनं सोडून दिलं. कोणी विचारलं की म्हणे, "डॉक्टरले दाखवा."

आईला ठाऊक नव्हती ती गोष्ट अशी, की टोळीतली सहावी जागा तिचीच होती. वैद्याची. आमच्याकडे सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात; माझ्या आईचं माहेर करडी, म्हणून मोठी आई तिला करडीवाली म्हणे. खेळात नावाच्या चौकोनात तेवढी अक्षरं मावली नाहीत, म्हणून तिथे नुसतंच 'करडी' राहिलं. दोघींचं बोलणं बंद झाल्यावरही करडी राज्यात सगळ्यांच्या जखमा बांधत फिरत होती, आणि मी हे आईला सांगावं की नाही याचा विचार करता करता वर्षं गेली.

मग एक दिवस दुपारी फोन आला. मी डब्याचं झाकण काढत होतो. नेहमीचं "जेवला का" नाही. मोठी आई म्हणाली, "बाबू, करडीवाली गेली."

मी म्हणालो, "कुठे गेली?"

"मेली रे."

माझ्या हातातलं झाकण खाली पडून स्टाफरूमभर घरंगळलं. आई सकाळी मला डबा देऊन गॅलरीत उभी होती. हे तुमसरच्या बाईला आधी कसं कळलं, मला कोणीच का सांगितलं नाही, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि मग लक्षात आलं की फोन कोणाचा आहे. "राज्यात?" मी विचारलं.

"मंग अजून कुठं?" ती म्हणाली, पण तिचा आवाज माझ्या मरणाच्या वेळी असतो तसा नव्हता. झालं होतं असं, की मोठ्या लढाईनंतर लाइट लपलपायला लागली, आता जाते की मग जाते, म्हणून घाईघाईनं तिनं खेळ जपून ठेवला, आणि ठेवल्यावर पाहिलं तर करडी पडलेली होती. त्यामुळे आधीची जपलेली जागा, जिथे मागे जाऊन तिला वाचवता आलं असतं, ती पुसली गेली. त्या राज्यात मेलेल्याला फक्त वैद्यच उठवू शकतो, आणि वैद्यच गेला तर कोणी नाही. "तुही माय बरी आहे ना?" तिनं विचारलं.

"बरी आहे. घरी आहे."

"आज डोळ्यानं पायली का तू तिले?"

"मोठी आई, सकाळी तिनंच डबा दिला."

"सकाळचं नोको सांगू मले," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सकाळी 'ठीक आहे' ऐकून एकदा संध्याकाळी तिच्या वाट्याला काय आलं होतं ते मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई पुढच्या खोलीत सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. दार वाजलं, आईनंच उठून उघडलं. बाहेर मोठी आई. तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून गाडी बदलून साकोली, स्टँडवरून विचारत विचारत पायी. हातात एक पिशवी, चेहरा उन्हानं लाल. तिनं आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दुकानात कापड पाहावं तसं.

"बरी आहेस?"

"मले काय झालं?" आई म्हणाली.

"काल तू मेलती."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन जमेल तसं समजावलं: सहावी जागा, वैद्य, करडी, लाइट. माझ्या व्याख्यानांना मुलं का कंटाळतात ते मला त्या दिवशी कळलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न मोठ्या आईला केला. "मले कोनं घेतलं त्या टोळीत? पुसलं होतं का तुमी मले?"

"पुसासारखं राहिलं होतं का?" मोठी आई म्हणाली.

आई दारातून बाजूला झाली. म्हणाली, "आत या. उनातून आल्या," आणि पाणी आणायला गेली. मोठी आई खुर्चीच्या काठावर बसली. पाणी प्यायली, पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. आई समोर बसली आणि सूप मांडीवर घेतलं, पण निवडत नव्हती.

"कवापासून आहो मी त्याच्यात?"

"सुरवातीपासून. हे होते तवापासून."

"अन् मंग त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर बी. तुले काढून कोनाले घेऊ? मले दुसरी कोन नर्स मालूम आहे?"

आईनं तांदळात बोटं फिरवली. एक खडा काढला. "कशानं मेली मी?"

"इच्चू. बैलाएवढा."

"अन् मले इच्चवाचं औसद येत नोतं?" आईचा आवाज एकदम वाढला. आमच्या विंचवांच्या भागात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला हे लागणारच.

"येत होतं वं. पन एकाच वेळेपुरतं उरलं होतं तुह्यापाशी." मोठ्या आईनं पेला खाली ठेवला. "मले बी चावला होता तो. तू उरलेलं माह्यावर खर्चलं. तू नाही, मीच. मीच सांगतलं तुले, आधी माहं कर म्हनून. बटन तं मीच दाबली ना."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि आत जावं की बाहेर यावं ते मला कळत नव्हतं.

"बराबर केलं तुमी," आई म्हणाली. "आधी पेशंट."

मोठ्या आईनं पदरानं चेहऱ्यावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "त्या दिसी दवाखान्यात मी बोलली तुले. ते बोलाले नोको होतं."

"हो," आई म्हणाली. "नोको होतं." आणि पुढे, "मी बी त्याइले त्याच दिसी न्या म्हनाले पाह्यजे होतं. रोज येते ते मनात." तिनं सूप खाली ठेवलं आणि उठली. "चाय टाकते. साखर कमीच ना तुमाले आता?"

त्या दिवशी मोठी आई परत गेली नाही. पिशवीत दुसरं लुगडं होतं, म्हणजे एकतर ती राहायच्या तयारीनं आली होती किंवा दिवस करायच्या, ते मी विचारलं नाही. रात्री जेवताना दोघी लाखोळीच्या डाळीवरून वाद घालत होत्या. झोपायच्या आधी आईनं तिचा रक्तदाब घेतला. तो पट्टा पेटीतून बाहेर निघालेला मी फार वर्षांनी पाहिला. वाचून झाल्यावर आईनं आकडा सांगितला आणि म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ. उद्या म्हंजे उद्याच." मोठी आई गुमान हो म्हणाली.

पंधरा-वीस दिवसांनी आई तुमसरला गेली. निमित्त काय, तर आपण मेलो ती जागा पाहायची. पाहून आल्यावर तिचं मत असं पडलं, की त्या टोळीची व्यवस्था फार गचाळ आहे. लढाई झाली की कोणी हात धुवत नाही, जखमी माणसाला विश्रांती न देता लगेच चालवतात, आणि मोठेबाबांना मागच्या रांगेत सर्द जागी ठेवलं आहे. दोघींनी राज्य पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. आईनं आपलं खरं नाव लिहायचा आग्रह धरला, ते मावेना, शेवटी पुन्हा 'करडी'च राहिलं. महिन्यातला निम्मा वेळ आई तुमसरला राहू लागली. डब्याच्या वेळी आता फोनवर दोघी असत. मोठी आई सांगे मी कसा मेलो, आणि मागून आई सांगे, "त्याले म्हना, पथ्य पाळलं नाही." भूगोलाचे सर मात्र थोडे खट्टू झाले, कारण आईच्या देखरेखीखाली माझं मरणं पुष्कळच कमी झालं.

तो जुना संगणक शेवटी मागच्या उन्हाळ्यात बंद पडला. तुमसरच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला आणि आतला भाग आता कुठेच मिळत नाही म्हणाला. दादा पुण्याहून मोठा लॅपटॉप घेऊन आला. जुनं राज्य यावरही चालवता येतं, दिवाळीला आलो की बसवून देतो, तोवर हा नवा खेळ खेळा, म्हणाला. नव्या खेळात एकच नायक होता. आईनं विचारलं, "बाकीचे कुठं आहेत?" दादा म्हणाला, "बाकीच्यांची गरजच नाही काकू. याला सगळंच येतं." आई त्या नायकाकडे बघत म्हणाली, "मंग हा जेवाले कोनासंगं बसते?" दादाला हसू आलं, पण गाडीची वेळ झाली होती. तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मी आईला न्यायला तुमसरला गेलो. दुपार कलली होती. दार लोटलेलं होतं, आत पंख्याचा आवाज. लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या जवळजवळ. मोठ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला काळा चष्मा. माऊस आईच्या हाताखाली, पण हात हलत नव्हता. पडद्यावर एक तलाव होता. पलीकडे डोंगर, काठाला बोरू वाऱ्यानं वाकत होता, सूर्य बुडायला टेकला होता आणि पाखरं घरट्याकडे चालली होती. नायक काठावर नुसता उभा होता. कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं, त्याला कुठेतरी जायचं असावं. दोघी कोणाच्या तरी लग्नातल्या एका फजितीबद्दल बोलत होत्या. लग्न कधीचं, ते मला कळलं नाही. बोलता बोलता थांबल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या.

"किती वेळची संध्याकाळच आहे बाई इथं," आई म्हणाली.

"आपन पुढं गेलो का होते रात," मोठी आई म्हणाली. "नाही गेलो तं अशीच राहते."

"मंग राहू द्या."

मी आवाज न करता चपला काढल्या, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्या मागे बसलो.